बिल्टीपासून सहीपर्यंत (मालवाहतुकीचे घराणे : भाग ६)

घरच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत पदांच्या नावांना फारसा अर्थ नसतो. पाच गाड्यांच्या पेढीतही 'मॅनेजर' असतो आणि पाचशे गाड्यांच्या कंपनीतही. कळंबोलीच्या गाळ्यात बसून फोनवर गाड्या लावणारा, भिवंडीच्या गोदामात माल उतरवून घेणारा आणि नागपूरच्या शाखेत वसुली करणारा, या तिघांच्या कार्डावर एकच शब्द छापलेला असू शकतो. माणूस किती वर चढला हे मालकाने त्याच्या हाती काय सोपवले आहे यावरून कळते. सुरुवातीला फक्त कागद सोपवतात. मग गाडी, मग रोकड, मग भाव ठरवण्याची मुभा, आणि फार थोड्यांना चेकवरची सही.

घरातल्यांच्या खुर्च्या मात्र आधीच ठरलेल्या असतात. थोरला भाऊ मोठ्या पार्ट्या सांभाळतो, मधला गाड्यांचे बघतो, धाकट्याकडे गॅरेज, टायर आणि डिझेलचा पंप. नोकरीत आलेल्याची वाट या खुर्च्यांच्या मधून जाते. धंदा कितीही वाढला तरी हे फारसे बदलत नाही. १९५८ साली प्रभुदयाल अग्रवाल यांनी कोलकात्यात सुरू केलेली ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया (टीसीआय) किंवा १९७६ साली विजय संकेश्वर यांनी गदगला एका ट्रकवर सुरू केलेली आणि पुढे २०१५ मध्ये शेअर बाजारात आलेली व्हीआरएल, या दोन्ही कंपन्यांची सूत्रे पुढच्या पिढीतही घरातच राहिली. फरक एवढाच की कंपनी मोठी झाल्यावर घरच्या खुर्च्यांखाली पगारी माणसांचे मजले वाढत जातात.

भरतीची जाहिरात सहसा निघत नाही. माणूस येतो तो गावचा, भावकीतला किंवा जुन्या ड्रायव्हरचा मुलगा म्हणून. गाडी पळवून पळवून पाठ गेलेला एखादा ड्रायव्हर ऑफिसात बसवला जातो. क्लीनरचा मॅनेजर झाल्याची उदाहरणेही आहेत, पण बिल्टीवरचे अक्षर आणि हिशेब जमला तरच. बी.कॉम. झालेला मुलगा थेट लेखाविभागात जातो आणि त्याची वाट तिथूनच वेगळी होते. ओळखीने येण्यामागे साधा व्यवहार आहे. गाडीत लाखोंचा माल असतो, ती तीन राज्ये ओलांडून जाते आणि वाटेत तिच्यावर मालकाची नजर नसते. अशा वेळी ज्याच्या घरी जाऊन बसता येते असा माणूस बरा वाटतो.

पहिला मुक्काम बुकिंगच्या टेबलावर. बिल्टी म्हणजे मालाची पावती, ऑफिसच्या भाषेत एलआर. माल कोणाचा, कोणाला, किती नग, किती वजन, भाडे पेड की टू-पे (माल घेणाऱ्याने द्यायचे) की नंतर बिलात, आणि माल मालकाच्या जोखमीवर की वाहतूकदाराच्या, हे सगळे तिच्यावर येते. २००७ चा रस्तेमार्गे मालवाहतूक कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम यांनी या कागदाचे वजन वाढवले. जास्त किमतीचा माल असल्याचे सांगून जादा जोखीम-दर आकारलेला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते, आणि दावा करणाऱ्याला बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे टेबलावरच्या पोराने एक रकाना मोकळा सोडला तर त्याची किंमत पुढे सहा महिन्यांनी कळते. जो मुलगा फुटलेली पेटी पाहून 'पॅकिंग खराब' असे बिल्टीवर लिहून घेतो आणि पार्टीशी भांडणही होऊ देत नाही, त्याच्याकडे शेठचे लक्ष जाते.

त्यानंतर दोन वाटा फुटतात. पार्सलचा, म्हणजे अनेक पार्ट्यांचा फुटकर माल एका गाडीत भरण्याचा धंदा असेल तर शाखा मिळते. तिथे गोदाम, माथाडी मंडळाची कामे, टू-पेची वसुली आणि न उचललेला माल ही रोजची डोकेदुखी. महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे हमालीचे दर आणि हमालांची नोंदणी हा शाखाप्रमुखाच्या रोजच्या कामाचा भाग झाला, आणि हे ज्याला सांभाळता येत नाही त्याची शाखा चालत नाही. बऱ्याच शाखा पगारावर चालवत नाहीत, कमिशनवर देतात. शाखाप्रमुख मग अर्धा नोकर, अर्धा धंदेवाला होतो. गाव त्याचे, पार्ट्या त्याच्या ओळखीच्या, पाटी मात्र शेठच्या नावाची.

दुसरी वाट ट्रॅफिकची, आणि फुल लोडच्या, म्हणजे एकाच पार्टीच्या मालाने गाडी भरण्याच्या, धंद्यात माणूस घडतो तो इथेच. ट्रॅफिक मॅनेजर गाड्या फिरत्या ठेवतो. उभी गाडी कमावत नाही, पण हप्ता, विमा आणि ड्रायव्हरचा पगार चालूच राहतो. त्याच्याकडे आधी येतो तो ट्रिपचा हिशेब. भिवंडीहून नागपूरला जाऊन आलेल्या गाडीचे उदाहरण घ्यावे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाल्यापासून हे अंतर एका बाजूने साधारण सातशे किलोमीटर धरता येते. जाऊन-येऊन चौदाशे, लिटरला चारचे अ‍ॅव्हरेज धरले तर डिझेल साडेतीनशे लिटर. ड्रायव्हर टेबलासमोर उभा राहून तीनशे पंच्याऐंशीच्या पावत्या ठेवतो. पस्तीस लिटरचा फरक. कच्चा मॅनेजर लगेच आवाज चढवतो. मुरलेला आधी विचारतो, गाडी येताना भरून आली की रिकामी, जुन्या रस्त्याने कसारा घाट चढली की समृद्धीने गेली, कुठे किती तास उभी राहिली. भरून आलेल्या आणि घाटाने गेलेल्या गाडीला त्यातले वीसेक लिटर माफ होतात, उरलेले भत्त्यातून कापायचे की सोडून द्यायचे हे त्या ड्रायव्हरच्या मागच्या चार ट्रिपांवरून ठरते. चांगले ड्रायव्हर मिळत नाहीत, ही या धंद्यातली जुनी तक्रार. म्हणून पस्तीस लिटरसाठी ड्रायव्हर घालवणारा मॅनेजर शेठला डिझेल चोरू देणाऱ्यापेक्षाही महाग वाटतो.

हिशेब जमला की भाव येतो. शनिवारी संध्याकाळी नागपूरच्या वाडीला गाडी खाली झाली आहे. ब्रोकर मुंबईचे भाडे देतो, पण नेहमीपेक्षा कमी. सोमवारपर्यंत थांबले तर कदाचित बरे भाडे मिळेल, पण दोन दिवसांचा भत्ता अंगावर येतो आणि भिवंडीतले मंगळवारचे बुकिंग चुकते. 'शेठना विचारून सांगतो' म्हणणारा मॅनेजर अजून खालच्याच पायरीवर आहे. ज्याने फोनवर 'भर' म्हणायचे आणि शेठने सोमवारी त्यावर काही बोलायचे नाही, तो वर गेला. ब्रोकरलाही हे बरोबर कळते. कोणाच्या शब्दावर गाडी लागते हे पाहूनच बाजारातली माणसे चहा कोणाला पाजायचा ते ठरवतात.

भावाबरोबर धोकाही सोपवला जातो. २०१८ मध्ये केंद्राने वजनमर्यादा वाढवल्या. तीन आसांच्या ट्रकचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने मात्र जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला २ हजार असा दंड कायद्यात घातला. दोन टन जास्त भरायला हो म्हणायचे की नाही, हे पार्टीच्या दारात मॅनेजर ठरवतो. फायदा झाला तर तो हिशेबात मिसळून जातो, दंड झाला तर तो कोणामुळे हे सगळ्यांच्या लक्षात राहते. ई-वे बिलाचेही तसेच. २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत आहे, आणि ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच वाढवून घेता येते. गाडी रात्री बंद पडून माल दुसऱ्या गाडीत घालायचा झाला की नव्या गाडीचा नंबर चढवावा लागतो. त्यामुळे ट्रॅफिकच्या माणसाचा फोन उशाशी असतो, आणि घरच्यांना त्याची सवय झालेली असते.

लेखाविभागातून वर येणाऱ्याची चाल शांत, पण पुष्कळदा जास्त लांबवर जाणारी. दहापर्यंत मालगाड्या असलेल्या करदात्याला अंदाजित उत्पन्नावर कर भरण्याची सोय आहे. बारा टनांहून जड गाडीमागे दरमहा टनाला १ हजार रुपये उत्पन्न धरले जाते आणि तपशीलवार हिशेबवह्या ठेवाव्या लागत नाहीत. साहजिकच अनेक घरांत गाड्या भावाच्या, वहिनीच्या, मुलाच्या, आईच्या अशा वेगवेगळ्या नावांवर असतात. कोणती गाडी कोणाच्या नावावर, तिचा हप्ता कोणत्या खात्यातून, भाडे कोणत्या खात्यात, हे सगळे लेखाविभाग सांभाळणाऱ्या एकट्या दिवाणजींना तोंडपाठ असते. ट्रॅफिक मॅनेजरला बाजार कळतो. दिवाणजींना घर कळते. पार्ट्या दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी पैसे देतात आणि डिझेलला मात्र पैसे आजच लागतात, त्यामुळे कोणाचे देणे आज भागवायचे आणि कोणाला चार दिवस थांबवायचे हा निर्णयही हळूहळू त्यांच्याकडे येतो. चेकवर सही करण्याचा अधिकार घराबाहेर गेलाच, तर तो बहुधा याच टेबलावर जातो.

इथून वर भिंत आहे. जनरल मॅनेजर म्हणून वीस वर्षे काढलेल्या माणसाच्या समोर एक दिवस शेठचा मुलगा पदवी घेऊन येऊन बसतो. शहाणे घर मुलाला आधी बुकिंगवर आणि गॅरेजमध्ये पाठवते, आणि त्याला शिकवण्याचे काम त्याच जुन्या मॅनेजरवर येते. हे काम नाजूक. आज ज्याच्या चुका दाखवायच्या तो पाच वर्षांनी पगार ठरवणार असतो. 'धाकटे शेठ' म्हणत त्याला भाव कसा घासायचा हे शिकवणारे टिकतात. मुलाने आल्याआल्या सॉफ्टवेअर बदलले म्हणून रुसणारे टिकत नाहीत.

भावाभावांच्या वाटण्या हा मॅनेजरच्या वाटचालीतला सगळ्यात मोठा फाटा. गाड्या वाटल्या जातात, गाळे वाटले जातात, पार्ट्याही वाटल्या जातात, आणि माणसांनाही बाजू घ्यावी लागते. जुन्या नावापुढे 'न्यू' लावून धाकटा भाऊ वेगळा होतो तेव्हा त्याच्याबरोबर गेलेला बुकिंग क्लार्क एका रात्रीत शाखाप्रमुख होऊ शकतो. मोठ्याकडे राहिलेल्याला नाव जुने मिळते आणि गाड्या निम्म्या. बढती मिळण्याची एवढी खात्रीची वेळ या धंद्यात दुसरी नाही, हे कोणी उघड बोलत नसले तरी सगळ्यांना ठाऊक असते.

भिंतीपाशी आलेले बरेच जण स्वतःची गाडी घेतात. जुन्या ट्रकवर कर्ज देणाऱ्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्ससारख्या कंपन्यांनी (२०२२ पासून श्रीराम फायनान्स) ही वाट सोपी केली. बायकोच्या नावावर एक जुना ट्रक घेऊन तो शेठच्याच कंपनीला लावतात. शेठ सहसा हरकत घेत नाहीत. माणूस बांधला जातो आणि गाडी हाताशी राहते. अडचण सुरू होते ती तिसऱ्या-चौथ्या गाडीला. चांगले भाडे आधी कोणाच्या गाडीला लागते, हे आता दोघेही पाहू लागतात. तेव्हा एक तर माणूस वेगळा होतो, नाही तर एखाद्या गावची एजन्सी देऊन त्याला मानाने बाहेर काढले जाते. आज ट्रान्सपोर्टनगरांत ज्यांच्या पाट्या झळकतात त्यातले अनेक मालक एकेकाळी दुसऱ्याच्या बिल्ट्या फाडत होते.

गेल्या काही वर्षांत खालच्या पायऱ्या मात्र झिजल्या आहेत. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकर नाके गेले आणि नाक्यांवरची माणसे ओळखीची असणे ही मॅनेजरची जमा बाजू कमी झाली. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, टोलची रोकड ड्रायव्हरच्या हातून गेली. जीपीएस आणि डिझेल कार्ड आल्यावर गाडी कुठे आहे हे शेठचा मुलगा फोनवर घरी बसून पाहतो. ज्या गोष्टींवर पूर्वी माणसाची पारख होत असे त्यातल्या निम्म्या आता पडद्यावर दिसतात. त्याच वेळी गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोल रूमसारखी नवी टेबले तयार झाली, तिथे कोणाच्या भावकीतल्या नसलेल्या मुली आणि मुले येऊ लागली, आणि कारखान्यांचे मोठे कंत्राट सांभाळण्यासाठी मोठ्या लॉजिस्टिक कंपन्यांतून माणसे पगार वाढवून आणली जाऊ लागली. वाहतूक उलट्या दिशेनेही होते. घरच्या पेढीत बाजार शिकलेला ट्रॅफिक मॅनेजर चाकणच्या एखाद्या लॉजिस्टिक कंपनीला हवा असतो, कारण रात्री अकराला गाडी मिळवून देणारे ब्रोकर त्याच्या फोनमध्ये असतात. त्याला तिथे पगार आणि पद जास्त मिळते, भाव ठरवण्याची मोकळीक कमी.

कंपनीच विकली गेली तर काय, हा प्रश्नही आता काल्पनिक राहिलेला नाही. टीसीआयच्याच घराण्यातून वेगळ्या झालेल्या 'गती' या कंपनीचा ताबा २०२० मध्ये ऑलकार्गोकडे गेला. अशा व्यवहारानंतर शेठचा शब्द ही मॅनेजरची पुंजी संपते आणि त्याने काय केले हे कागदावर मांडून दाखवावे लागते. तोंडी हिशेबावर वाढलेल्यांना ते जड जाते.

पेढीतच म्हातारे झालेल्यांसाठी शेवटचे एक काम राखलेले असते. साठी उलटलेला मॅनेजर गाड्या लावत नाही, पण जुन्या पार्टीची अडकलेली बाकी आणायला तोच जातो, विमा कंपनीच्या सर्व्हेयरसमोर तोच बसतो, आणि दहा वर्षांपूर्वीच्या अपघाताचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे चालला असेल तर तारखेला पेढीच्या वतीने तोच हजर राहतो, कारण ती गाडी त्या दिवशी कोणी लावली होती हे त्याच्याशिवाय कोणाला आठवत नाही.