सम्यक व्यायाम आणि वार्धक्य

उरण तालुक्यातील द्रोणागिरी परिसर नवी मुंबई प्रकल्पात येण्यापूर्वी भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगत होता. तेथील माणसाला व्यायाम वेगळा करावा लागत नसे. आज तेथे सिडकोची वसाहत उभी राहिली आहे आणि जानेवारी २०२४ पासून उपनगरी रेल्वेही धावते आहे. कष्ट कमी झाले, हे इष्टच झाले. परंतु कष्टांबरोबर शरीराची हालचालही गेली, आणि साठी ओलांडताच "आता वय झाले" हे उद्गार कानी पडू लागले. आपल्या समाजात याला आणखी एक कारण आहे. ज्यांच्या पिढ्या सक्तीच्या श्रमात झिजल्या, त्यांना विश्रांती हाच सन्मान वाटावा आणि व्यायाम ही सुखवस्तूंची चैन वाटावी, हे स्वाभाविक आहे. तरीही ही समजूत तपासून पाहणे आम्हांस आवश्यक वाटते.

तथागतांनी जरा अटळ म्हटली. पण ती अटळ म्हणून देहाची हेळसांड करा, असे सांगितले नाही. अंगुत्तर निकायातील चङ्कम सुत्तात चालण्याचे पाच लाभ दिले आहेत : प्रवास झेपतो, प्रयत्न करण्याचे सामर्थ्य येते, आजार कमी होतात, अन्न पचते आणि चालताना लाभलेली समाधी दीर्घकाळ टिकते. आपल्या देहाला जुन्या गाड्याची उपमा देणारे ऐंशी वर्षांचे तथागत राजगृहाहून कुसिनारेपर्यंत चालत गेले.

आधुनिक संशोधनही याला दुजोरा देते. १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांनी आठ आठवडे वजनांचा व्यायाम केला, तेव्हा त्यांच्या पायांची शक्ती दुपटीहून अधिक वाढली. २००२ साली बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, स्वतःच्या वार्धक्याविषयी अनुकूल दृष्टी असणारे लोक प्रतिकूल दृष्टी असणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले. म्हणजे "आता वय झाले" हा विचार निरुपद्रवी नाही.

तो बदलावा कसा? अष्टांगिक मार्गाचे सहावे अंग 'सम्यक व्यायाम' हे आहे. तो मनाचा व्यायाम होय : न उपजलेले अकुशल उपजू न देणे, उपजलेले त्यागणे, न उपजलेले कुशल उपजविणे आणि उपजलेले टिकविणे. या चारही पायऱ्या देहाच्या व्यायामास लावता येतात. दिवसभर एकाच जागी बसण्याची सवय जडू देऊ नये; जडली असल्यास मोडावी; दहा मिनिटांच्या चालण्याने आरंभ करावा; आणि तो नेम ठरावीक वेळी पाळावा.

शेवटची पायरी सर्वांत कठीण. संयुत्त निकायात कोसलनरेश पसेनदीची कथा आहे. अतिभोजनाने धापा टाकणाऱ्या या राजाने केवळ स्वतःच्या निश्चयावर भिस्त ठेवली नाही. मिताहाराची गाथा प्रत्येक भोजनाच्या वेळी म्हणून दाखविण्याचे काम त्याने सुदस्सन नावाच्या तरुणाला दिले. आहार क्रमाक्रमाने उतरला आणि देह हलका झाला. आपणही आठवण देणारा सोबती शोधावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, दोन दिवस स्नायूंसाठी आणि ज्येष्ठांनी तीन दिवस तोल सावरण्यासाठी व्यायाम करावा. मधुमेह, हृदयविकार वा गुडघेदुखी असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पूर्वजांचे श्रम इतरांसाठी होते. हे श्रम आपले, स्वेच्छेचे आहेत. त्यांत कमीपणा नाही.