विजेच्या मोटारीचा पल्ला

विजेवर चालणारी मोटार घेऊं इच्छिणाऱ्या गृहस्थाचा दुकानांतील पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : “एकदां भरली म्हणजे किती किलोमीटर जाते?” प्रश्न रास्त आहे. अनेक वर्षांची शिल्लक एका वाहनांत घालावयाची, आणि तें वाहन कुटुंबासह ऐन घाटांत उभें राहावयाचें, हा प्रसंग कोणासहि नको असतो. परंतु एवढ्या एकाच उत्तरावर विसंबून केलेला सौदा पुढें महाग पडण्याचा संभव असतो. पल्ला, भरण्यास लागणारा वेळ आणि विजेची काटकसर या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार केला पाहिजे. दोन मोटारींच्या उदाहरणानें हें स्पष्ट होईल.

२०२० च्या जानेवारींत भारताच्या बाजारांत विजेच्या दोन मोटारी आल्या. पहिली टाटांची नेक्सॉन ईव्ही. हिचा कारखाना पुण्याजवळ रांजणगांव येथें. दुसरी एमजी कंपनीची झेडएस ईव्ही. हिचा कारखाना गुजरातेंत हालोल येथें. पहिलीच्या बॅटरींत ३०.२ युनिट वीज मावे, दुसरीच्या बॅटरींत ४४.५. युनिट म्हणजे घरच्या मीटरवर मोजला जातो तोच किलोवॅट-तास. चांचणींत पहिलीचा पल्ला ३१२ किलोमीटर ठरला, दुसरीचा ३४०.

येथें थोडें त्रैराशिक मांडून पाहावें. दुसरीची बॅटरी जवळजवळ दीडपट. पल्ला मात्र अवघा २८ किलोमीटर अधिक! पहिली एका युनिटावर सुमारें १०.३ किलोमीटर जाते, दुसरी सुमारें ७.६. रांजण मोठा असला तरी रोजचा उपसाहि मोठा असेल, तर पाणी अधिक दिवस पुरत नाहीं. याच दुसऱ्या मोटारीची सुधारलेली आवृत्ति २०२१ मध्यें निघाली. बॅटरीची क्षमता तीच, ४४.५ युनिट, पण चांचणीचा पल्ला ४१९ किलोमीटर. पल्ला केवळ बॅटरीच्या आकारावर अवलंबून नसतो, याला याहून चांगला पुरावा कोणता?

आतां भरण्याचा विचार करूं. घरांतील १५ अँपियरच्या जोडणींतून तासाला सुमारें ३.३ युनिट वीज घेतां येते. ती उलटसुलट वाहणारी असते. बॅटरीस एकाच दिशेनें वाहणारी लागते. हा पालट मोटारींतील एक यंत्र करतें आणि त्यांत कांहीं वीज उष्णतारूपानें जाते. ती वजा जातां रात्रीच्या आठ तासांत २४ युनिट बॅटरींत पडलीं असें धरलें, तर २०२० च्या पहिल्या मोटारीस सुमारें २४८ किलोमीटरांची शिदोरी मिळते, दुसरीस १८३ ची. काटकसरी मोटार अशी घरींच वेळहि वांचविते. मात्र दुसरीच्या मालकानें घरीं ७.४ किलोवॅटचें स्वतंत्र यंत्र बसविलें, तर ती सहा ते आठ तासांत पूर्ण भरते. २०२० च्या नेक्सॉनमध्यें ही सोय नव्हती.

हमरस्त्यावरील जलद भरणकेंद्रांत चित्र पालटतें. तेथें एकाच दिशेची वीज सरळ बॅटरींत जाते. उत्पादकांच्या सांगण्याप्रमाणें पहिली मोटार ६० मिनिटांत शेंकडा ८० भरे. दुसरी ५० किलोवॅटच्या केंद्रावर ५० मिनिटांत तितकीच भरे. म्हणजे पहिलीच्या पदरांत मिनिटाला सुमारें ४.२ किलोमीटर पडत, दुसरीच्या ५.४. ज्याचा रोजचा प्रवास गांवांतल्या गांवांत आणि मोटार रात्रीं दाराशीं, त्याला पहिली सोयीची. ज्याला वारंवार लांबचा पल्ला मारावयाचा, त्याला दुसरी. शेंकडा ८० नंतर दोघींचीहि गति मंदावते, कारण भरत आलेल्या बॅटरीस इजा होऊं नये म्हणून प्रवाह कमी करावा लागतो. प्रवासांत पूर्ण भरण्याचा हट्ट धरणें म्हणूनच वेळेचा अपव्यय होय.

चांचणीचे आंकडे तुलनेस उपयोगी. तंतोतंत भरंवसा ठेवण्यास नव्हेत. वेग ५० वरून १०० किलोमीटर केला तर हवेचा विरोध चौपट होतो. खंडाळ्याचा घाट चढतांना वीज झपाट्यानें खर्च होते. उतरतांना मोटरच जनित्र बनून कांहीं वीज परत देते, पण सर्व नव्हे. उन्हाळ्यांतील गारव्याचें यंत्रहि त्याच बॅटरीवर चालतें. म्हणून पुण्याहून सुमारें २३० किलोमीटरांवरील कोल्हापुरास निघणाऱ्यानें ३१२ हा आंकडा पाहून निश्चिंत होऊं नये. वाटेंतील एक केंद्र आधींच हेरून ठेवावें.

खरा हिशेब ज्याचा त्यानें करावा. बॅटरी पूर्ण भरावी, नेहमींच्या रस्त्यानें शंभर किलोमीटर जावें, पुन्हां पूर्ण भरावी, आणि मीटरवर किती युनिट चढलीं तें वहींत टिपावें. घाटांत एकदां, सपाटीवर एकदां, भर उन्हाळ्यांत एकदां. चार नोंदींनंतर मोटारीचा स्वभाव कळूं लागतो. आणि नवी मोटार घेणाऱ्यानें दुकानदारास पहिला प्रश्न वेगळा विचारावा : “एका युनिटांत किती किलोमीटर?” पल्ल्याचा प्रश्न त्यानंतर.