पासवर्ड बरोबर, तरी कॉम्प्युटर बंद!

नाट्यगृहात पहिली घंटा होते, दुसरी होते, तिसरी होते. पडदा हळूहळू वर जायला लागतो आणि तेवढ्यात सगळे दिवे जातात! प्रेक्षक चुळबुळ करतात, मागून कुणीतरी शिट्टी मारतं. दिवे येतात, पुन्हा तिसरी घंटा होते, पडदा सरकतो आणि... पुन्हा अंधार!

घरातला कॉम्प्युटर कधी कधी अगदी असाच छळतो. सुरू होतो, तुमचं नाव दाखवतो, पासवर्ड मागतो. तुम्ही तो बिनचूक टाइप करता आणि धप्प! पडदा काळा, नाहीतर निळा. मशीन आपलं आपण पुन्हा सुरू होतं आणि शहाण्यासारखं पुन्हा पासवर्ड मागतं.

आत काय अडकलेलं असतं? तुमचा विज्ञान प्रकल्प, ताईचा नोकरीचा अर्ज, आईच्या शिवणकामाचा हिशेब, आजोबांच्या पंचाहत्तरीचे फोटो. अशा वेळी घरात दोन सल्ले हमखास मिळतात. एक, 'चार वेळा चालू-बंद करून बघ.' दुसरा, 'फॉरमॅट मारून टाक.' पहिल्यानं बहुधा काही होत नाही आणि दुसऱ्यानं फोटो जातात. मधला एक रस्ता आहे. तो डॉक्टरांचा रस्ता: आधी तपासणी, मग औषध.

तीन घंटा कुठल्या?

बटण दाबलं की मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायॉस म्हणत, नव्या मशीनमध्ये यूईएफआय म्हणतात. प्रोसेसर, मेमरी, की-बोर्ड, डिस्क सगळे हजर आहेत ना, याची तो हजेरी घेतो. ही पहिली घंटा.

मग डिस्कवरून विंडोज मेमरीत येतं. त्याच्याबरोबर ड्रायव्हर येतात. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि यंत्राचा एखादा भाग यांच्यामधला दुभाष्या. पडद्याचा वेगळा, आवाजाचा वेगळा, वाय-फायचा वेगळा. ही दुसरी घंटा.

तिसरी घंटा म्हणजे तुमचा पासवर्ड. तो बरोबर ठरला की तुमचं खातं उघडतं आणि तुमच्या आवडीनिवडी, तुमचं चित्र, तुमच्या फाइली समोर येतात. त्याच क्षणी प्रिंटरचा प्रोग्रॅम, अँटिव्हायरस, गप्पांचा प्रोग्रॅम, फाइली इंटरनेटवर चढवणारा प्रोग्रॅम असे सगळे एकदम धावत सुटतात. शाळा सुटल्यावर फाटकापाशी होते ना, तश्शी गर्दी! डिस्कला आणि प्रोसेसरला एकदम काम पडतं, वीज जास्त लागते, उष्णताही वाढते.

म्हणजे या क्षणी मशीन कोसळलं, तर संशयित तीन. एक, गर्दीतला एखादा भांडखोर प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर. दोन, तुमच्या खात्याच्या बिघडलेल्या फाइली. तीन, गर्दी न सोसणारा यंत्राचा एखादा कमजोर भाग. पासवर्डाचा बिचाऱ्याचा बहुतेक वेळा काही दोष नसतो.

आधी वही-पेन

९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क २' हा खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर अडला. शोधता शोधता त्याच्या एका रिलेमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, अडकलेला पतंग सापडला. दिव्याभोवती फिरतो तोच, खराखुरा! दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणायची पद्धत तंत्रज्ञांमध्ये आधीपासून होती, म्हणून तिथल्या लोकांना भारी मजा वाटली. त्यांनी तो पतंग नोंदवहीतच चिकटवून टाकला. ते पान वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयाकडे आजही आहे.

गंमत सोडा, पण त्यांच्याकडे नोंदवही होती, हे महत्त्वाचं. तुम्हीही एक वही घ्या आणि लिहा: मशीन किती वाजता बंद पडलं? पासवर्डानंतर किती सेकंदांनी? गेल्या आठवड्यात नवं काय झालं? नवा खेळ, नवा प्रिंटर, विंडोजचं अपडेट, घरात विजेचा झटका?

आणि पडतं कसं, तेही लिहा. दिवा विझल्यासारखं एकदम बंद होत असेल, तर संशय वीज, उष्णता किंवा सुट्या भागावर. पडद्यावर इंग्रजीत माफीचा मजकूर येत असेल, तर त्याखालचा 'स्टॉप कोड' जसाच्या तसा टिपा. हा पडदा वर्षानुवर्षं निळा असायचा; विंडोज ११च्या नव्या आवृत्तीत २०२५ पासून तो काळा झाला आहे. वाचायला वेळ मिळत नाही? मोबाइलवर फोटो काढा. पासवर्डानंतर नुसता काळा पडदा आणि माउसचा बाण दिसत असेल, तर संशय खात्यावर, एखाद्या प्रोग्रॅमवर किंवा पडद्याच्या ड्रायव्हरवर.

तीन सोप्या चाचण्या

पहिली चाचणी अगदी आळशी माणसाची! मशीन सुरू करा, पासवर्डाच्या पानावर थांबा आणि अर्धा तास काहीच करू नका. तसंच असताना बंद पडलं, तर लॉग-इनला दोष देऊ नका. वीज, उष्णता, मेमरी किंवा एखादा ड्रायव्हर यांपैकी काहीतरी आहे. शांत राहिलं, तर पुढे चला.

दुसरी चाचणी 'सेफ मोड'ची. यात विंडोज फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर घेऊन उठतं. बाकीची गर्दी फाटकाबाहेर. विंडोज १० किंवा ११ मध्ये पासवर्डाच्या पानावर खाली उजवीकडे बंद करायचं चिन्ह असतं. शिफ्ट दाबून धरा आणि तिथलं 'रीस्टार्ट' निवडा. मग क्रमानं 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' आणि पुन्हा 'रीस्टार्ट'. यादी आली की ४ हा आकडा दाबा. इथे पिन चालला नाही, तर खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो, तो आईबाबांना विचारून ठेवा. काही मशीनच्या डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप असतं. ते ४८ आकड्यांची किल्ली मागतं. मायक्रोसॉफ्टचं खातं वापरत असाल, तर ती किल्ली बहुधा त्या खात्यात साठवलेली असते.

सेफ मोडमध्ये मशीन नीट चाललं? छान! म्हणजे विंडोजचा गाभा आणि मुख्य यंत्र बहुधा ठीक आहे.

तिसरी चाचणी दुसऱ्या खात्याची. बाबांच्या खात्यातून सगळं सुरळीत आणि तुमच्याच खात्यातून धप्प, असं असेल तर तुमच्या खात्याच्या फाइली किंवा तुमच्याच खात्यात सुरू होणारा एखादा प्रोग्रॅम बिघडला आहे. नवं खातं उघडून जुन्यातली कागदपत्रं तिकडे हलवली की बऱ्याचदा काम होतं.

थांबा! आधी सामान बाहेर काढा

घराला आग लागली तर आधी माणसं बाहेर काढतात, मग कारण शोधतात. इथेही तसंच. सेफ मोडमध्ये जाता आलं, की दुरुस्तीला हात लावायच्या आधी पेन ड्राइव्ह लावा आणि प्रकल्प, हिशेब, फोटो त्यावर उतरवा. मग पेन ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर लावून फाइली खरंच उघडतात का, ते बघा. नुसती नावं दिसली म्हणजे फाइली वाचल्या, असं नाही!

सेफ मोडही उघडत नसेल, तर उबंटूसारखी मोफत प्रणाली दुसऱ्या मशीनवर पेन ड्राइव्हमध्ये घालून, तिच्यावरून आपलं मशीन सुरू करता येतं आणि फाइली काढता येतात. डिस्कला कुलूप असेल तर इथेही ती ४८ आकडी किल्ली हवीच. 'ट्राय' निवडायचं, 'इन्स्टॉल' नाही, एवढं मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. आणि डिस्कमधून कट्-कट् असा आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा आणि जाणकाराकडे न्या. अशी डिस्क वारंवार फिरवणं म्हणजे मोडक्या पायानं पळणं.

निम्मे-निम्मे करा

आता भांडखोर शोधू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात 'स्टार्टअप' या नावाखाली लॉग-इनला धावणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी असते. समजा, १६ नावं आहेत. एकेक तपासलं, तर १५ फेऱ्याही लागतील. त्याऐवजी ८ बंद करा आणि मशीन नेहमीसारखं सुरू करा. कोसळलं नाही? मग चोर बंद केलेल्या आठांत आहे. त्यांतले ४ चालू करून पुन्हा बघा. १६ चे ८, ८ चे ४, ४ चे २, २ चा १. चार फेऱ्यांत चोर हाती! गणिताचा असा उपयोग पाठ्यपुस्तकाबाहेरच कळतो. इथे 'डिसेबल' म्हणजे पुसून टाकणं नव्हे, नुसतं रांगेतून बाजूला उभं करणं. म्हणून घाबरायचं कारण नाही. दोन प्रोग्रॅम एकमेकांशीच भांडत असतील, तर फेऱ्या वाढतील; म्हणून प्रत्येक फेरी वहीत लिहा.

एकही प्रोग्रॅम सापडला नाही, तर ड्रायव्हर बघा. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये पडद्याच्या ड्रायव्हरला 'रोल बॅक' करून आधीच्या आवृत्तीवर आणता येतं. 'सिस्टीम रिस्टोअर' चालू ठेवलेलं असेल, तर विंडोज आधीच्या एखाद्या तारखेच्या स्थितीत नेता येतं. त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम जातात, पण तुमची कागदपत्रं आणि फोटो तसेच राहतात.

एक नियम मात्र पाळा: एका वेळी एकच बदल. पाच औषधं एकदम घेतली आणि ताप उतरला, तर कुठल्या औषधानं उतरला, ते कसं कळणार?

आता यंत्राकडे

सेफ मोडमध्येही मशीन कोसळत असेल, तर विंडोजचंच 'मेमरी डायग्नोस्टिक' चालवा. ते मेमरीच्या पट्टीत खोट आहे का, ते तपासतं. धुळीकडेही बघा. बऱ्याच प्रोसेसरांची सहनशक्ती १०० अंश सेल्सिअसच्या आसपास संपते. त्यापुढे ते जीव वाचवायला स्वतःच बंद होतात. पंख्यावर धुळीचा गालिचा असेल, तर दोष विंडोजचा कसा?

टेबलावरच्या कॉम्प्युटरची पेटी मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच उघडा. प्लग काढा, बटण काही सेकंद दाबून धरा, पेटीच्या धातूला हात लावा म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. मऊ ब्रशनं धूळ झाडा, मेमरीची पट्टी काढून नीट बसवा. पण वीज पुरवणारा आतला डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो कधीही खोलू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. लॅपटॉपही घरी उघडू नका.

मोठमोठ्यांचंही असंच होतं

१९ जुलै २०२४. भारतात सकाळचे साधारण पावणेदहा. 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीनं आपल्या प्रोग्रॅमसाठी एक सदोष फाइल जगभर पाठवली. ७८ मिनिटांत ती मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली होती. सुरू व्हायची, कोसळायची, पुन्हा सुरू व्हायची! विमानतळांवर गोंधळ उडाला. आपल्याकडे काही प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. आणि उपाय काय होता माहीत आहे? सेफ मोडमध्ये जायचं, ती एक फाइल पुसायची, मशीन पुन्हा सुरू करायचं. त्यासाठी मशीन फॉरमॅट करायची सहसा गरज नव्हती. पण पुष्कळ ठिकाणी ४८ आकड्यांची किल्ली शोधण्यातच वेळ गेला.

आईबाबांसाठी दोन शब्द

मशीन दुकानात द्यावं लागलं, तर मुलांची वही बरोबर द्या आणि 'फॉरमॅट करण्याआधी आम्हाला विचारा' असं लिहून द्या. इंटरनेटवर दिसलेल्या कुठल्याही 'मदत क्रमांका'वर फोन करू नका. त्यांतले बरेच ठगांचे असतात. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' असा फोन आपणहून आला, तर सरळ ठेवून द्या. पैसे गेलेच, तर १९३० या सरकारी हेल्पलाइनवर लगेच कळवा. आणि घरात अजून विंडोज १० असेल, तर त्याची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, हे ध्यानात ठेवा.

मित्रमैत्रिणींनो, कॉम्प्युटर आज ठणठणीत आहे ना? मग याच रविवारी तीन कामं करा. पासवर्डानंतर पडदा पूर्ण तयार व्हायला किती सेकंद लागतात, ते मोजून वहीत लिहा. ही त्याची निरोगी नाडी; ती मंदावली तर आधीच कळेल. ४८ आकड्यांची किल्ली असेल, तर कागदावर उतरवून आईबाबांच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा. आणि आजोबांच्या फोटोंची एक प्रत कॉम्प्युटरबाहेर, पेन ड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवा. उरलेला रविवार खेळायला मोकळा!