मालमोटारीतील ऊब कोठे हरवते?

बिदर-कलबुर्गीच्या माणसाला गाडीतला हीटर हवाच कशाला, असा प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांच्या मनात येईल, आणि तो रास्तही आहे. वैशाखात ज्या पठारावर माठातले पाणी हाच काय तो गारवा, तेथे उष्णता देणाऱ्या यंत्राची काळजी कोण वाहील? परंतु आपल्या भागातील मालमोटारी हुमनाबादच्या नाक्यावर थांबत नाहीत. २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभलेली कलबुर्गीची तूर राष्ट्रीय महामार्ग ६५ ने हैदराबादेस जाते, तेथून महामार्ग ४४ ने नागपूर, ग्वाल्हेर, आग्रा करीत दिल्ली गाठते. त्या गाड्यांवर भालकी, बसवकल्याण, आळंद येथील कर्ती मुले असतात. जानेवारीच्या रात्री तिकडे धुके असे दाटते की पुढची गाडी दिसत नाही. आणि इकडे घरी आईचा डोळा लागत नाही.

अशाच एका चालकाची हकिगत आम्ही ऐकली. त्याने उत्तरेकडून जुनी मालमोटार विकत घेतली. तीत हीटर होता. पहिल्याच हिवाळ्यात त्यातून कोमट वारा तेवढा येऊ लागला. काचेवरचे दव हटेना. वाटेत एकाने पंख्याची मोटर बदलली, दुसऱ्याने नळ्या बदलल्या. पैसे गेले, थंडी गेली नाही. शेवटी क्लीनरने केबिनमध्ये शेगडी पेटवली. सुदैवाने चालकाला वेळीच गरगरू लागले व त्याने दार उघडले, म्हणून ते दोघे आज आपल्यात आहेत.

खरा दोष कोणता होता, हे समजण्यासाठी हीटर चालतो कसा ते पाहू. हीटरला स्वतःची आग नसते. इंजिनला थंड ठेवण्यासाठी जे पाणी त्यातून फिरते, त्यातलेच थोडे तापलेले पाणी दोन रबरी नळ्यांनी केबिनमधील लहानशा रेडिएटरात येते व परत जाते. त्यावरून पंखा वारा सोडतो. म्हणजे इंजिनच तापले नाही, किंवा तापलेले पाणी आत पोहोचले नाही, किंवा वाराच नीट आला नाही, तर ऊब मिळणार नाही. दोष या तिहींतच शोधावयाचा.

प्रथम, इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून पाणी पुरेसे आहे की नाही ते पाहावे. तापलेल्या गाडीचे झाकण कदापि उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी उसळून तोंड भाजते. पाणी वरचेवर कमी होत असेल तर गळती शोधावी. केबिनमध्ये गोडसर वास व काचेवर चिकट धूसरपणा असेल, तर आतला लहान रेडिएटरच गळतो असे समजावे.

नंतर हीटर पूर्ण सुरू ठेवून गाडी तापू द्यावी, इंजिन बंद करावे, आणि त्या दोन्ही नळ्यांना जपून हात लावून पाहावा. दोन्ही चांगल्या गरम असतील, तर पाणी ठीक आहे. दोष पंख्याचा, वाऱ्याच्या झडपेचा, किंवा धुळीने बुजलेल्या जाळीचा. एक गरम व दुसरी गार असेल, तर पाण्याची झडप अर्धवट उघडते किंवा आतील रेडिएटर तुंबला आहे. विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे घातले की क्षारांची पुटे चढतात. अशा वेळी नळ्या काढून उलट दिशेने, बेताच्या दाबाने, स्वच्छ पाणी येईतो तो धुवावा. पाणी नुकतेच बदलले असेल, तर हवा अडकलेली असू शकते. अशा वेळी थंड गाडी तोंड चढाकडे करून उभी करावी, हीटर उघडा ठेवून इंजिन हळू चालवावे, आणि बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरत राहावे.

दोन्ही नळ्या कोमटच असतील आणि तापमानाचा काटाही खालीच राहात असेल, तर थर्मोस्टॅट पाहावा. इंजिन तापेपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही लहानशी झडप होय. आमच्या चालकाच्या गाडीत ती नव्हतीच! कोणा मिस्त्रीने एका उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून ती काढून टाकली होती. उन्हाळ्याचा तो उपाय हिवाळ्याचा रोग झाला. शिवाय इंजिन सदा थंड राहिल्याने डिझेल जास्त जळत होते व यंत्र झिजत होते. नवी झडप बसताच केबिन उबदार झाली.

उत्तरेच्या डोंगरांत जाणाऱ्याने साधे पाणी ठेवू नये. पाणी गोठले की सुमारे ९ टक्के फुगते व इंजिन फोडते. कूलंट व शुद्ध पाणी निम्मेनिम्मे घालावे. मात्र कूलंट विषारी असून चवीला गोड लागते. मुले व गुरे यांपासून ते दूर ठेवावे.

२०२५ साली नव्या मध्यम व अवजड मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. तथापि जुन्या गाड्या अजून पुष्कळ वर्षे धावतील. म्हणून घरच्यांना आमचे एकच सांगणे आहे. हीटर बिघडला तर मुलाला घोंगडी द्या, जाड कपडे द्या, पण बंद केबिनमध्ये शेगडी पेटवणार नाही असे वचन त्याच्याकडून घ्या. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपलेल्याला तो जागे होऊ देत नाही. भाकरीचे गाठोडे बांधताना एवढे आठवणीने विचारा: "पाणी पाहिलेस ना रे? काटा वर येतो ना?"