पेटीवरचे नाव

वैशाखात मुंबई-पुण्याच्या घरांतून हापूसची पेटी उघडली जाते तेव्हा आंबा देवगडचा की रत्नागिरीचा याची चौकशी अगत्याने होते. परंतु मोहोर फुटल्यापासून तुडतुडे, फुलकिडे आणि अवकाळी पाऊस यांच्याशी झुंजत ज्या बागायतदाराने ते फळ झाडावर राखले, त्याचे नाव त्या घरात बहुधा कोणासही ठाऊक नसते. पेट्या वाशीच्या बाजारात जातात, आडतदार त्या विकतो आणि खर्च वजा जाता उरलेल्या रकमेची पट्टी बागायतदाराच्या हाती पडते. आडतदार अडीअडचणीला उचल देतो, हे त्याचे उपकार मान्य केलेच पाहिजेत. तथापि खाणाऱ्याशी परिचय होण्याची सोय या व्यवस्थेत नाही, आणि परिचय नसला की फळाच्या गुणापेक्षा त्या दिवशीची आवकच भाव ठरविते.

२०२० साली ऐन हंगामात टाळेबंदी आली, तेव्हा कित्येक बागायतदारांनी व्हॉट्सॲपवरून शहरांतील गृहनिर्माण संस्थांची मागणी गोळा करून पेट्या थेट पोहोचविल्या. नड आल्यावर गिऱ्हाईक शोधणे आणि गिऱ्हाईक आधीच ओळखीचे असणे यांत केवढे अंतर असते, ते त्या उन्हाळ्याने दाखविले. फेसबुक, इन्स्टाग्राम वा यूट्यूबवर बागायतदाराचे स्वतःचे खाते असावे असे मी आग्रहाने म्हणतो, ते या ओळखीसाठी.

अशा खात्यावर दाखवावे काय? आंबा पिकविण्याच्या अढीचेच पाहा. गवताचा थर, त्यावर हलक्या हाताने मांडलेली फळे, वर पुन्हा गवत. काही दिवसांनी ते बाजूस सारताच हिरव्या सालीवर चढलेली पिवळी झाक दिसते. मिनिटभराच्या चित्रफितीत हे पाहिलेल्या माणसास रसायनाने घाईघाईने पिकविलेल्या फळाशी तुलना करून सांगावी लागत नाही. हापूसच्या गरात होणाऱ्या साक्याविषयीही असेच मोकळेपणाने बोलावे. हा दोष बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच उघड होतो. तेव्हा हे आगाऊ सांगून ‘असे फळ निघाल्यास छायाचित्र पाठवा, बदली फळ देऊ’ असा शब्द जो बागायतदार चारचौघांदेखत देतो आणि पाळतो, त्याच्यावर ग्राहक पुढल्या वर्षीही विसंबतो.

कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी परप्रांतीय आंबा देवगडच्या नावाने खपविला जातोच. मानांकन प्रदेशाची ग्वाही देते, पण ती ग्वाही समोरच्या पेटीला लागू आहे की नाही हे ग्राहकाने ठरवावे कसे? जानेवारीत मोहोर, मार्चमध्ये सुपारीएवढी कैरी आणि एप्रिलमध्ये झेल्याने उतरविलेले फळ ज्याने एकाच बागेत क्रमाने पाहिले, त्याच्यापाशी निदान एक सबळ पुरावा असतो. म्हणूनच केवळ विक्रीपुरते जागे होणारे खाते मला निरुपयोगी वाटते. पावसाळ्यातली खते, आश्विनातली साफसफाई, करपलेला मोहोरसुद्धा तेथे दिसावा.

मात्र एक व्यवहार सांभाळावा. ही माध्यमे परक्या कंपन्यांच्या मालकीची आहेत. त्यांचे नियम बदलले की कालपर्यंत हजारोंना दिसणारा मजकूर आज मोजक्यांनाच दिसतो, आणि खाते बंद पडले तर दाद लवकर लागत नाही. यास्तव ग्राहकांची नावे, दूरध्वनी आणि गेल्या हंगामात कोणी किती पेट्या नेल्या याचा तपशील, त्यांच्या संमतीने, स्वतःच्या वहीत दरसाल उतरवून ठेवावा.