'रामदास'ची शेवटची फेरी

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेहून मुंबईचा समुद्र रेल्वेने साधारण 750 किलोमीटर. इथल्या माणसाला पाण्याचा धाक कळतो तो धाम नदी भरून वाहू लागली की. कोकणात मात्र धड रस्ते नव्हते तेव्हा नोकरी, बाजार, माहेरपण सगळं आगबोटीच्या भरवशावर चालायचं. बंदराला धक्का नसेल तिथे बोट खोल पाण्यात नांगर टाकून भोंगा द्यायची. किनाऱ्यावरून पडाव सुटायचे. हेलकावणाऱ्या पडावातून बोटीची शिडी धरायची, तीही एका हाताने, कारण दुसऱ्या हातात पोर नाहीतर बोचकं.

इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नेव्हिगेशन ही स्वदेशी कंपनी. लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. तिच्या 'तुकाराम' आणि 'जयंती' या दोन बोटी 11 नोव्हेंबर 1927 ला, एकाच दिवशी बुडाल्या. त्याच कंपनीची 'रामदास' 1936 ची, इंग्लंडमधल्या स्वान हंटर कंपनीने बांधलेली. 'टायटॅनिक'च्या वाचलेल्या उतारूंना उचलणारी 'कार्पेथिया'ही याच कारखानदारांची. बोट मजबूत होती, यात शंका नको.

17 जुलै 1947, आषाढी अमावस्या. घरी सणाला निघालेल्यांची भाऊच्या धक्क्यावर झुंबड उडाली होती. सकाळी 8 च्या सुमारास बोट रेवसकडे निघाली. काशाच्या खडकाजवळ वादळी वाऱ्यात एक मोठी लाट चढली. भेदरलेले लोक दुसऱ्या बाजूला धावले. डेकवर एवढी गर्दी असली की भार वरच्या वर असतो. तो एकदम एका अंगाला गेला की बोट सावरत नाही.

'रामदास' कलंडली ती कायमचीच. सहाशेहून अधिक माणसं गेली.

बोटीवर वायरलेस नव्हता. तिची हाक मुंबईला ऐकूच गेली नाही, आणि खरी खंत हीच आहे. धावून आले ते रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेले कोळी. भरलेल्या होडीत माणसांना जागा कुठली? त्यांनी मासळी समुद्रात ओतली आणि हाताला लागेल त्याला वर ओढलं. त्यांच्या मेहनतीची कमाई त्या पाण्यात गेली.

पुढे 29 दिवसांनी देश स्वतंत्र झाला आणि त्या जल्लोषात ही बातमी मागे पडली. त्या कोळ्यांची नावं रेवसच्या धक्क्यावर दगडात कोरलेली असायला हवीत.