वारा, वेग आणि सूर्यावर चालणारी मोटार

आषाढात कोल्हारहून लोणीकडे सायकलने जाणाऱ्या मुलांना हवेचा रोध म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. पश्चिमेचा वारा तोंडावर आला की ती आपोआप हँडलवर वाकतात. सौर मोटारीचे निम्मे गणित या वाकण्यातच आहे.

भर दुपारी एक चौरस मीटरवर साधारण १,००० वॉट ऊन पडते. मोटारीच्या टपावर व पुढे मिळून ४ चौरस मीटर सौरपट्ट्या बसवल्या आणि त्यांची कार्यक्षमता २२ टक्के धरली, तर हाती ८८० वॉट येतात. धड सव्वा अश्वशक्तीही नाही.

आता खर्च पाहू. हवेची घनता, रोधगुणांक, समोरचे क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराची निमपट म्हणजे हवेचा रोध. आपल्या पठारावर घनता १.१ किलोग्रॅम प्रति घनमीटर धरू. नेहमीच्या मोटारीचा रोधगुणांक ०.३२ व क्षेत्रफळ २ चौरस मीटर घेतले, तर ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाला रोध १४१ न्यूटन भरतो. त्याला वेगाने गुणले की सुमारे २,८०० वॉट. जमेच्या तिपटीहून अधिक! शिवाय चाकांचे घर्षण वेगळेच. वेग निम्मा केला, तर रोधासाठी लागणारी शक्ती एक-अष्टमांश होते. मात्र तेच अंतर कापायला वेळ दुप्पट लागतो, म्हणून दर किलोमीटरची ऊर्जा एक-चतुर्थांश होते. इथे विद्यार्थी हमखास घोटाळा करतात. आम्हीही करीत असू.

१९८७ साली ऑस्ट्रेलियात डार्विन ते ॲडलेड ही ३,००५ किलोमीटरची शर्यत जिंकणारी ‘सनरेसर’ झुरळासारखी बुटकी होती ती यामुळेच. तिचा रोधगुणांक अवघा ०.१२५, सरासरी वेग ताशी ६७ किलोमीटर. पुण्याच्या वायवे मोबिलिटीने २०२३ मध्ये दाखवलेली ‘ईव्हा’ ही छोटी मोटार मुख्यतः बॅटरीवर चालते. उन्हातून दिवसाला १० किलोमीटरपर्यंत भर पडते, असे कंपनी सांगते. वरचा हिशेब पाहता हा दावा आम्हांला समंजस वाटतो.

आणि सेकंदाला ५ मीटरचा वारा समोरून असेल तर? रोध २० ऐवजी २५ च्या वर्गाप्रमाणे, म्हणजे १.५६ पट होतो. पण शक्ती काढताना गुणायचे ते २० नेच, कारण रस्ता तेवढाच कापला जातो. परतताना वारा पाठीशी, तेव्हा रोध ०.५६ पट. दोन्हींची सरासरी १.०६. जाताना वाऱ्याने घेतलेले येताना पुरते परत मिळत नाही. लोणीहून परतणाऱ्या मुलांना विचारून पाहावे.